अंगठा त्याचा, बोट तिचं

माझ्या धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे. दुकानावर ठसठशीत पाटी आहे, पण ती वाचायची तसदी कोणी घेत नाही. सगळे म्हणतात, "हलूनकाकडे जा." कुरिअरवालासुद्धा हेच विचारत येतो. फोटोला बसलेल्या माणसाशी माझा भाऊ पहिलं वाक्य बोलतो ते "हलू नका", दुसरं बोलतो तेही "हलू नका", आणि फोटो निघून माणूस खुर्चीवरून उठायला लागला की सवयीने तिसऱ्यांदा म्हणतोच.

खोड जुनी आहे. शाळेत पेन्सिलीला मनासारखं टोक आल्याशिवाय हा उत्तर लिहायला घेत नसे. पेन्सिल संपायची, तास संपायचा, कागद कोराच. मास्तर आमच्या वडिलांना म्हणाले होते, "मुलगा हुशार आहे, पण सुरुवातच करत नाही." पुढे त्याला फोटोचा नाद लागला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, निदान या धंद्यात एका बटणावर काम भागतं. कसलं भागतंय!

त्या बटणानेच तर घोळ घातला. ते समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून एकदाच सांगते. कॅमेऱ्याचं वरचं बटण दोन कामं करतं. बोटाने अर्धं दाबलं की कॅमेरा नेम धरतो, म्हणजे समोरचं काय स्पष्ट दिसायला हवं ते ठरवतो. त्याला फोकस म्हणायचं. पुरतं दाबलं की फोटो निघतो. बोट अर्ध्यावर धरून ठेवलं तर फोकस जागेवर राहतो. बोट सुटलं की गेला, पुन्हा पहिल्यापासून. माझा भाऊ कायम त्या अर्ध्यावर अडकलेला. श्वास रोखून, एक डोळा मिटून तो योग्य क्षणाची वाट बघत राहायचा आणि समोरचा माणूस त्याची. त्यामुळे त्याने काढलेला फोटो मी कुठेही ओळखते. लहान मूल असो, म्हातारा असो, बँकेचा मॅनेजर असो, चेहऱ्यावर भाव एकच: डॉक्टर रिपोर्ट वाचताहेत आणि अजून काही बोलत नाहीत.

माझी भावजय या बटणापायीच आमच्या घरात आली. नोकरीच्या अर्जाला लावायला फोटो हवा म्हणून ती स्टुडिओत आली होती. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस. याने तिला इतका वेळ "हलू नका" करून बसवलं, की ती कचेरीत पोचली तेव्हा खिडकी बंद. ती तशीच परत फिरली आणि याच्याशी कडाकडा भांडली. दुसऱ्या दिवशी उरलेलं भांडायला पुन्हा आली. वर्षभराने लग्न झालं. भांडण अजून पुरं झालेलं नाही.

लग्नानंतर तिने स्टुडिओ हातात घेतला, म्हणजे बटण सोडून सगळा. माणसांना बसवणं ही तिची खरी कला. हनुवटी वर, डावा खांदा खाली, हात मांडीवर पण मेल्यासारखे नकोत. ग्रुप फोटो असला की ती पिशवीत खडू घेऊन जायची. खुर्च्यांच्या पायांभोवती, उभ्या माणसांच्या बुटांपुढे जमिनीवर खुणा करायची, म्हणजे कोणी मध्येच उठून गेलं तरी परत त्याच जागी येईल. आणि चेहरा कधी उमलतो, ते तिला बरोबर कळायचं.

"आत्ता!" ती म्हणायची.

"हलू नका," भाऊ म्हणायचा.

"गेलं."

"काय गेलं?"

"हसू. आता पुढच्या वर्षी येईल."

एकदा न राहवून मी म्हटलं, "अरे, बटण तिला दाबू दे ना. तू फोकस कर, ती दाबेल."

"ताई, तू कॉलेजात शिकलीस, पण कॅमेऱ्यातलं तुला कळत नाही. ज्याचा फोकस त्याचंच बोट. मी बोट काढलं की फोकस सुटला. मग तिने दाबलं की कॅमेरा आपल्या मनाने नवीन नेम धरणार."

ते खरंच होतं. पण ते खरं असल्याचा त्याला जरा जास्तच आनंद होता.

मग गेल्या वर्षीचा तो फोटो झाला. आमच्या इथल्या अग्निशमन केंद्राचा दरवर्षी एक ग्रुप फोटो असतो. जवान दोन रांगांत, पुढे मधोमध त्यांचे साहेब, मागे लाल बंब आणि बंबावर शिडी. संध्याकाळ कलली होती, उजेड बेताचा. भावाने साहेबांच्या टोपीवर फोकस केला आणि बोट अर्ध्यावर धरलं. तेवढ्यात मागच्या रांगेत एक जण शिंकला, शेजारचा फिसकन हसला, भावजय त्याला दटावायला गेली. इकडे भावाचं बोट अवघडून सुटलं. त्याने घाईने पुन्हा दाबलं, पण तोवर साहेब शेजाऱ्याशी बोलायला कलले होते. कॅमेऱ्याने त्यांच्या खांद्यावरून थेट शिडी गाठली. फोटोत शिडीचा एकेक स्क्रू मोजून घ्यावा, आणि माणसं सगळी धुक्यात. जवान आपापल्या उंचीवरून स्वतःला ओळखत होते. साहेब बराच वेळ बघून म्हणाले, "शिडी छान आलीय."

भला माणूस. पण ते वाक्य भावजयीच्या वर्मी बसलं. कारण त्या संध्याकाळी तिने "आत्ता" म्हटलं होतं, शिंक येण्याच्या आधी, आणि साहेब खरोखर छान हसले होते.

यंदा साहेब निवृत्त व्हायचे होते. केंद्रात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर आजवरच्या साहेबांचे, आपापल्या जवानांसोबतचे शेवटचे फोटो ओळीने लावलेत. त्यात यांचा लागणार. आणि नेमकं त्याच सुमारास स्टुडिओसमोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर पासपोर्टचा फोटो काढायला आले. भावजयीने त्यांची हनुवटी दोन बोटांनी अशी काही जागेवर आणली की ते बघतच राहिले. म्हणाले, "बाई, आमच्याकडे पेशंटला मशीनवर हनुवटी टेकवून बसवण्यात अर्धा दिवस जातो. तुम्ही याल का कामाला?"

तिने त्या रात्री जेवताना सांगितलं. मीही होते.

"साहेबांचा फोटो झाला की त्यानंतरच्या सोमवारपासून मी दवाखान्यात."

"म्हणजे?" भावाने विचारलं.

"म्हणजे तिथे मी 'आत्ता' म्हटलं की डॉक्टर आत्ताच बघतात."

भावाच्या हातातला घास हातातच राहिला. नंतर गच्चीवर माझ्यापाशी येऊन कुजबुजला, "ताई, ती गेली तर माणसांना बसवणार कोण?"

"तू."

"माझं कोण ऐकतं? मला तर कुत्रंसुद्धा नीट बसून दाखवत नाही."

"मग ती हवी आहे, हे तिला सांग."

"ते काय तिला माहीत नाही?"

तिकडे ती पदर खोचून भांडी आदळत होती. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही त्या आवाजावरून कळलं, की तिला ते माहीत नव्हतं.

सुदैवाने चार दिवसांनी त्यांची लेक सुट्टीवर आली. ही माझी भाची एका वर्तमानपत्रासाठी फुटबॉलच्या सामन्यांचे फोटो काढते, म्हणजे जी माणसं एक क्षणही जागेवर राहत नाहीत त्यांचे. बापाच्या पोटी असली मुलगी यावी, ही मोठीच गंमत. तिने दोघांची गाऱ्हाणी ऐकून घेतली, मग बापाचा कॅमेरा मांडीवर घेतला.

"बाबा, वरच्या बटणातून फोकस काढून टाकते."

"काढून टाकतेस? मग त्यात उरलं काय?"

"फोटो. फोकस आता या मागच्या बटणाला देते. अंगठ्याने दाबायचं. अंगठा उचलला की फोकस आहे तिथेच राहतो. मग वरचं बटण कोणीही, कितीही वेळा दाबो, कॅमेरा पुन्हा नेम धरायला जात नाही."

"कोणीही?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कोणीही, आई."

मंत्र्याकडून एकदम महत्त्वाचं खातं काढून घेतल्यावर तो जसा दिसतो, तसा माझा भाऊ दिसायला लागला.

"हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?"

"माहितीपुस्तिकेत आहे, बाबा."

"पुस्तिका मी वाचायला घेतली होती."

घेतली असेल. चष्मा मनासारखा पुसून झाला नसेल.

"एकच लक्षात ठेवा," भाची म्हणाली. "माणसं आणि कॅमेरा, दोघांतलं अंतर तेच आहे तोवर अंगठा पुन्हा लावायचा नाही. लावलात की तो जुना फोकस गेलाच समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानाच्या दारातून समोरच्या दवाखान्याच्या पाटीवर अंगठ्याने फोकस करून बघितला. सुरेख झाला. खूश होऊन त्याने आत येऊन गिऱ्हाइकांचे फोटो काढायला सुरुवात केली, जुन्या सवयीने, नुसत्या बोटाने. फोकस बसला होता रस्त्यापलीकडे. दुपारपर्यंत जितकी माणसं आली तितकी धुरकट. एक ड्रायव्हर फोटो हातात घेऊन म्हणाला, "हा लायसनवर लावला तर लोकांना वाटेल मला असंच दिसतं." सगळ्यांना फोन करून परत बोलवावं लागलं. भाऊ चडफडला, "पूर्वी फोकस आपणहून यायचा. आता बोलावणं पाठवावं लागतं."

मग त्याने सरावाचा ध्यास घेतला. दाराची बेल अंगठ्याने, लिफ्टचं बटण अंगठ्याने, टीव्हीचा रिमोट अंगठ्याने. भावजय मला फोनवर म्हणाली, "वन्सं, आता जेवताना मीठ मागायच्या आधीही टेबलावर अंगठा दाबतात."

जाताना भाचीने तह करून दिला. कॅमेऱ्याला एक लांब वायर जोडली, वायरच्या टोकाला बटण. "साहेबांच्या फोटोला अंगठा बाबांचा, बोट आईचं."

"फक्त त्या दिवसापुरतं हं," भाऊ म्हणाला.

"त्या दिवसानंतर मी आहेच कुठे?" भावजय म्हणाली.

फोटोच्या दिवशी मला सोबत नेलं होतं, स्टँडवरच्या कॅमेऱ्यावर छत्री धरायला. समोरून ऊन येत होतं. केंद्राच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, मागे धुऊन पुसून चकाचक केलेला बंब. भावजयीने सगळ्यांना बसवलं, उभं केलं, हनुवट्या फिरवल्या, खडूने खुणा केल्या. साहेब ताठ बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या निरोपाचा समारंभ होता आणि त्यासाठी शिवलेला नवा कोट इस्त्रीला गेला होता, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

भावाने साहेबांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर नेम धरला, अंगठा दाबला, खात्री केली, पुन्हा खात्री केली, आणि अंगठा उचलला. मग तो दोन पावलं मागे सरकला. आयुष्यात पहिल्यांदाच फोटोच्या वेळी त्याचे हात रिकामे होते. कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. भावजय वायरचं बटण हातात घेऊन बाजूला उभी राहिली आणि जवानांशी गप्पा मारायला लागली. चेहरे सैल व्हायला लागले, इतक्यात भावाला राहवलं नाही.

"हलू नका!"

सगळे दगड झाले.

"हला हो, हला," भावजय म्हणाली. "यांच्याकडे लक्ष देऊ नका." पुन्हा कुठे हसू ओठांवर येतंय, तोच घंटा झाली.

खरी घंटा, आगीची. पुढचं बघता बघता घडलं. खुर्च्या उलट्या, टोप्या कुठल्या कुठे, बंब बाजूच्या फाटकातून बाहेर, आणि बंबावर सगळ्यांत पुढे साहेब. अंगणात आम्ही तिघं आणि खडूच्या खुणा. बंब गेल्यामुळे कॅमेऱ्यासमोर आता लांबवर नुसती मागची भिंत होती.

भावजयीने खुर्च्या उचलून एकेकीचे पाय खुणांवर बसवायला घेतले. भाऊ कॅमेऱ्यापाशी गेला. मी ओरडले, "हात लावू नकोस!"

"नुसतं बघतोय ताई. फोकस आहे की नाही, एकदा बघून घेतो."

"बघायला अंगठा लागतो का?"

तो थबकला. अंगठा बटणाच्या वर तरंगत होता. मी त्याला जन्मापासून ओळखते. खात्री करून घेतल्याशिवाय या माणसाने आजवर दाराला कुलूपसुद्धा घातलेलं नाही, तीनदा ओढून बघतो. आणि इथे खात्री करायला गेला असता तर फोकस भिंतीवर जाऊन बसला असता. घाईत परतलेल्या माणसांसमोर पुन्हा अर्धा तास "हलू नका" सुरू झालं असतं आणि सोमवारी ती रस्ता ओलांडून गेली असती. हे त्यालाही कळत होतं. अंगठ्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने खिशातून रुमाल काढला, अंगठ्याभोवती गुंडाळला, दातांनी गाठ मारली आणि पायरीवर जाऊन बसला.

भावजयीने लांबूनच विचारलं, "अहो, अंगठ्याला काय झालं?"

"काही नाही."

"लागलं का?"

"बांधून ठेवलाय."

तिने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, एकदा रुमालाकडे. मग मला म्हणाली, "वन्सं, ती छत्री जरा त्यांच्यावर धरा, ऊन लागतंय." कॅमेऱ्याचं काय, म्हणून मी विचारणार होते, नाही विचारलं.

तासाभराने बंब परतला आणि फाटकापाशीच थांबला. उतरणारे जवान काळे, भिजलेले आणि हसून हसून वाकलेले. सगळ्यांत शेवटी साहेब, हातात त्यांचा नवा कोट. आग कसली, लाँड्रीतला धूर होता. इस्त्रीवाला फोनवर बोलत बसला आणि इस्त्री कपड्यावर तशीच राहिली. तो कपडा म्हणजे साहेबांचा कोट. आयुष्यभर गावाची आग विझवली, शेवटची घंटा वाजली ती स्वतःच्या कोटासाठी. पाठीच्या बरोबर मध्ये इस्त्रीच्या आकाराचं भोक.

दमलेली माणसं आपापल्या खुर्चीवर येऊन आदळली. मागचे सवयीने खुणांवर उभे राहिले. साहेबांनी मधल्या खुर्चीवर बसून कोट पसरला, भोकातून हात घातला, आणि पलीकडून बोटं हलवून दाखवली. अख्खी रांग खदखदली.

भाऊ पायरीवरून धडपडत उठला. "अरे, तोंडं धुवा! टोप्या कुठायत? हलू..."

खटक. मग आणखी एकदा, खटक.

"अगं, फोकस?"

"तुम्ही सकाळीच केलाय ना?" भावजय म्हणाली.

तो धावत कॅमेऱ्यापाशी गेला. पडद्यावर फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. साहेबांच्या पापणीवरची काजळी वेगळी दिसत होती. मागच्या रांगेतल्या शिंकणाऱ्याचे सगळे दात मोजता आले असते. भाऊ खोट शोधत इकडून तिकडे फिरला, कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला.

"कसा आलाय?" तिने विचारलं. आवाज बेफिकीर होता, पण वायर तिने मुठीत घट्ट धरली होती.

"शिडी आली नाही," तो म्हणाला.

माझ्या भावाने कोणाची याहून मोठी स्तुती केलेली मी ऐकलेली नाही. मग त्याने सामान आवरायला घेतलं. कॅमेरा त्याच्या पिशवीत गेला. वायर त्याने नीट गुंडाळली, रुमालाने बांधली, अंगठ्यावरच्या त्याच रुमालाने, आणि आपल्या पिशवीत न टाकता तिच्या पर्समध्ये ठेवली. खडूच्या शेजारी.

"तुझी आहे," तो म्हणाला. "हरवू नको."

"मी कधी काय हरवलंय? तुम्हीच ती..." आणि भांडण पूर्वपदावर आलं. त्यांना तसंच सोडून मी रिक्षा करून घरी गेले. पायही दुखत होते.

सोमवारी मला राहवेना. काहीतरी निमित्त काढून दुकानात गेले. भावजय कॅमेऱ्यामागे उंच स्टुलावर बसली होती, हातात वायर. भाऊ पुढे एका कॉलेजकुमाराची कॉलर सारखी करत होता. काचेचं दार उघडून डोळ्यांचे डॉक्टर आले.

"बाई, आज येणार होतात ना? दहा पेशंट हनुवटी घेऊन बसलेत."

"डॉक्टर, माफ करा. मला इथे काम लागलं."

"इथे? अहो, तुम्ही इथे पंचवीस वर्षं आहात!"

"नाही हो, परवापासून. बसा जरा."

कॉलेजकुमार खुर्चीवरून उठला, डॉक्टर गोंधळून तिथे बसले. भावाने कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर अंगठा टेकवला, "डावा डोळा," असं स्वतःशीच पुटपुटला आणि बाजूला झाला. डॉक्टर म्हणाले, "पण मी फोटोला आलेलोच नाही, मी तर..." आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. खटक.

तो फोटो आता दवाखान्यात त्यांच्या टेबलामागे लावलाय. पेशंट म्हणतात, डॉक्टर प्रत्यक्षात इतके हसरे नाहीत. नाहीतच. भावजयीनेच तेवढं पकडलं. माझा भाऊ मात्र त्या वेळी काहीतरी राहून गेल्यासारखा अस्वस्थ झाला. डॉक्टर उठले, दार उघडून रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरले, तेव्हा कुठे त्याला आठवलं. काचेतून त्यांच्या पाठीकडे बघत तो म्हणाला, "हलू नका."